गावचं बंद घर आणि डीव्हीआरचे ई-मेल : प्रकल्प नोंदी

३१ मे २०२५, शनिवार. गावी, संगमेश्वर तालुका

पाऊस यंदा २६ मेलाच मुंबईत पोचला, इथे तर त्याआधीच येऊन बसलेला. वाळत घातलेली आमसुलं भिजली म्हणून आई वैतागलीय. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्याला ठरलंय, त्यामुळे ती आणि अप्पा उद्या-परवा माझ्याबरोबर निघतील ते गणपतीलाच परत. तोवर घराला कुलूप.

गेल्या महिन्यात वाडीतल्याच एका बंद घरातून तांब्याचा बंब आणि दोन हंडे गेले. कळलं आठ दिवसांनी. त्या घराला कॅमेरे होते. पण रेकॉर्डिंग ज्या डब्यात साठतं तो डबाही (डीव्हीआर) चोरांनी बंबाबरोबरच उचलला. म्हणून मला हवंय ते एवढंच: हालचाल झाली की त्याच मिनिटाला फोटो घराबाहेर गेला पाहिजे. डबा गेला तरी फोटो माझ्याकडे राहिला पाहिजे.

मोबाईल अ‍ॅपचं नोटिफिकेशन आहे की, असं दादा (चुलतभाऊ, शेजारच्याच घरात राहतो) म्हणाला. आहे, पण माझा फोन बॅटरी वाचवायच्या नादात ते अ‍ॅप झोपवून टाकतो. मेल जुनी वस्तू आहे, पण फोटो जोडून येते आणि सर्व्हरवर पडून राहते.

सामान: २०१९ साली बसवलेला चार चॅनेलचा डीव्हीआर, चार कॅमेरे (खळं, पडवी, मागलं दार, विहिरीकडची पायवाट), इनव्हर्टर, फायबरचं नेट. डीव्हीआर ओटीवर टीव्हीशेजारी ठेवलेला होता, आल्या पाहुण्याला दिसेल असा. आजचं काम एकच झालं: तो माळ्यावर, भाताच्या रिकाम्या कणगीमागे हलवला. वारा लागेल इतकी जागा सोडली.

१ जून, रविवार

डीव्हीआरच्या मेन्यूत नेटवर्कखाली ई-मेलचं पान सापडलं. सर्व्हर, पोर्ट, युजरनेम, पासवर्ड, पाठवणारा, घेणारा, एन्क्रिप्शन. माउसने पडद्यावरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर टिपायचं. पापड लाटणं याहून लवकर होतं.

भरलेलं: एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ५८७, एन्क्रिप्शन टीएलएस. (४६५ टाकलं तर एसएसएल निवडायचं. या दोन जोड्यांची अदलाबदल चालत नाही.) 'टेस्ट' दाबलं. 'फेल'. का फेल, ते सांगायची पद्धत या यंत्रात नाही.

कॅमेरे बसवून गेलेल्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, गुगलच्या सेटिंगमध्ये 'लेस सिक्युअर अ‍ॅप' चालू करा, लगेच होतं." ते २०१९ मध्ये होत होतं. गुगलने ३० मे २०२२ पासून साध्या खात्यांसाठी तो रस्ता बंद केला. आता नेहमीचा पासवर्ड डीव्हीआरमध्ये घालून चालत नाही. खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावायचं आणि मग 'अ‍ॅप पासवर्ड' तयार करायचा. तो १६ अक्षरांचा, सगळी बारीक लिपीतली. पडद्यावर चार-चारचे गट पाडून दाखवतात, त्यातल्या मोकळ्या जागा टाईप करायच्या नाहीत. मी पहिल्या खेपेला केल्या. त्यात पाऊण तास.

खातं नवीन काढलं, फक्त डीव्हीआरसाठी. माझं रोजचं खातं त्या डब्यात घालायची छाती नाही: डबा चोरीला जाईल हे गृहीत धरूनच सगळं चाललंय, मग आत किल्ली कुठली ठेवायची याचा विचार नको? अ‍ॅप पासवर्डचा फायदा हा, की डबा गेला तर मी पुण्यात बसून तेवढाच रद्द करू शकते. शिवाय पाठवणारं आणि घेणारं खातं एकच ठेवलं की आपणच आपल्याला पाठवलेलं पत्र होतं, आणि फोन त्यासाठी वाजेलच असं नाही.

एवढं करूनही टेस्ट फेल. जेवायला उठले. अप्पा म्हणाले, "बाय, कुलूप मोठं घेऊया का त्यापेक्षा?"

२ जून, सोमवार

सकाळी नेटवर्कचं पान पुन्हा वाचलं, या वेळी घाई न करता. आयपी पत्ता हाताने भरलेला. गेटवे (बाहेर नेटवर जायचं दार, म्हणजे राउटर) बरोबर. डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरच्या) रकान्यात मात्र जुन्या राउटरचा पत्ता, जो राउटर दीड वर्षापूर्वी विजेने जळला. फायबरवाल्याने नवा राउटर लावताना गेटवे बदलला आणि डीएनएस तसाच सोडला. म्हणजे डीव्हीआर जीमेलचं नाव विचारत होता आणि उत्तर द्यायला कोणी नव्हतंच. मोबाईल अ‍ॅपही तेव्हापासूनच चालत नव्हतं. अप्पा 'नेट स्लो आहे' म्हणून सोडून देत होते. डीएनएसला ८.८.८.८ (गुगलचा डीएनएस) टाकलं, टेस्ट पास. फोन टुंग वाजला. आई देवघरातून: "झालं का गो?"

झालं नव्हतं. मेलमधल्या फोटोवर तारीख १ जानेवारी २०००. आतला बटण सेल संपलाय, त्यामुळे डबा बंद पडून चालू झाला की घड्याळ शतकाच्या सुरुवातीला जातं. पोलिसांना दाखवायची वेळ आली तर असा फोटो काय कामाचा? आणि सर्व्हरच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची तारीख तपासणारं एखादं यंत्र अशा घड्याळावर सुरक्षित जोडणीच नाकारेल, तो वेगळा घोळ. देवरुखच्या बाजारातून सेल आणला, बदलला, टाइमझोन +५:३० केला आणि एनटीपी चालू केलं, म्हणजे वेळ नेटवरून आपोआप लागत राहील. एनटीपी असलं तरी सेल हवाच. लाईट येते पण नेट यायला तास लागतो असे दिवस इथे पुष्कळ.

त्याच ओघात आणखी दोन गोष्टी. डीव्हीआरचा अ‍ॅडमिन पासवर्ड कारखान्यातून आला तसाच होता. आणि तोंडाने सांगायला लाज वाटावी इतका सोपा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेने) असेच कारखानी पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर हल्ला करून मोठमोठ्या साइट काही तास आडव्या पाडल्या. त्या फौजेत आमचा माळ्यावरचा डबा भरती व्हायला नको. पासवर्ड बदलला. राउटरवर यूपीएनपी चालू होतं, म्हणजे आतलं कुठलंही यंत्र आपलं आपण बाहेरच्या जगाला दार उघडू शकत होतं. तेही बंद केलं. मेल आतून बाहेर जातो, त्याला बाहेरून आत दार लागत नाही.

रात्री चारही कॅमेऱ्यांना मोशन डिटेक्शन लावून झोपले.

३ जून, मंगळवार

सकाळी ६ पर्यंत ३१२ मेल.

चोर एकही नाही. पागोळ्या, पतंग, माडाची झावळी, पुन्हा पागोळ्या, मांजर (आमचं), मांजर (परकं), आणि विहिरीच्या कॅमेऱ्यावर पांढरंधोप काहीतरी, जे बघून आईने आधी देवाला हात जोडले. ते कोळ्याचं जाळं निघालं.

या वेगाने दिवसभर चाललं तर जीमेलची साध्या खात्याची दिवसाला ५०० मेलची मर्यादा दुपारीच संपेल आणि खरा मेल निघायचा तेव्हा निघणार नाही. त्याआधी मीच बघणं सोडून देईन. मोटारीच्या हॉर्नकडे आपण बघतो का?

निघायच्या घाईत जमेल तेवढं केलं: संवेदनशीलता निम्म्यावर, दोन मेलमधलं अंतर पाच मिनिटं, आणि पडद्यावर चौकटींची जाळी येते त्यातून झाडं आणि पागोळ्यांचा पट्टा पुसून टाकला. घराला कुलूप. किल्ली दादाकडे.

८ जून, रविवार. पुणे

आठवड्यात रोज साठ-सत्तर. कमी झाले, पण अजून हॉर्नच. आज बसून चार दिवसांचे फोटो कारणांप्रमाणे वेगळे केले, आणि एक गोष्ट दिसली जी आधीच दिसायला हवी होती: जवळजवळ सगळे रात्रीचे.

कारण साधं आहे. रात्री कॅमेरा स्वतःचे इन्फ्रारेड एलईडी लावतो, आणि ते भिंगाच्या अवतीभवतीच बसवलेले असतात. त्यामुळे भिंगासमोरून वीतभर अंतरावर जाणारा थेंब किंवा चिलट एवढं उजळतं की चित्रात त्याची काठी होते. उजेडाला किडे येतात, किड्यांना कोळी येतो, कोळी जाळं बांधतो, जाळं वाऱ्याने हलतं, मेल. यंत्राच्या दृष्टीने बदललेले ठिपके म्हणजे हालचाल. माणूस कोण आणि मुंगी कोण हे या जुन्या डब्याला कळत नाही. (नव्या यंत्रांत माणूस ओळखायची सोय असते. ती घेण्याचा विचार आला. किंमत बघून गेला.)

संवेदनशीलता अजून कमी केली तर किडे जातील, पण अंधारात रेनकोट घालून येणारा माणूसही जाईल. आकडे फिरवून हे सुटणार नाही. उजेड हलवावा लागेल.

१४ जून, शनिवार. गावी

एकटीच आले. घरात कोंदट वास, पहिलं काम खिडक्या उघडणं.

पडवी आणि विहीर या दोन कॅमेऱ्यांचे स्वतःचे एलईडी बंद केले. एक बंद होईना; दोन पदरी काळी चिकटपट्टी मारली. वेगळा इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्यापासून सात-आठ फुटांवर, बाजूच्या वाशाला बांधला. आता किडे दिव्यापाशी नाचतात आणि कॅमेरा लांबून अंगण बघतो. भिंगासमोरच्या थेंबावर उजेडच पडत नाही. पाऊस मुसळधार होता, तपासायला याहून चांगली रात्र कुठली. दोन कॅमेऱ्यांचे मिळून रात्रीत चार मेल. त्यातला एक मी स्वतः, छत्री घेऊन दिवा बघायला गेलेली.

१५ जून, रविवार

खरं महत्त्वाचं काम आज. हालचालीवर विसंबून राहायचंच कशाला? चोराला बंब न्यायचा तर दार उघडावं लागणार. डीव्हीआरच्या मागे हिरव्या रंगाची बारीक स्क्रूंची पट्टी आहे, 'अलार्म इन' लिहिलेली. सहा वर्षांत तिला कोणी हात लावलेला नाही. तिथे दाराचा चुंबकी स्विच जोडता येतो. काचेच्या नळीत दोन पातळ पात्या, जवळ चुंबक आला की चिकटतात, दूर गेला की सुटतात. नळीचा भाग चौकटीवर, चुंबक दारावर. बॅटरी नाही, रेडिओ नाही, बिघडण्यासारखं फार काही नाही. दीडशे रुपयांचे दोन.

पुढलं दार इनपुट १, मागलं दार इनपुट २. टेलिफोनची जुनी दोन पदरी तार माळ्यावरून वाशांच्या कडेने नेली. एक टोक नंबरच्या स्क्रूला, दुसरं ग्राउंडला. मेन्यूत प्रकार 'एनसी' निवडला, म्हणजे दार बंद असताना सर्किट जोडलेलं आणि उघडलं की तुटलेलं. उलटंही करता येतं, पण असं केलं की कोणी तार कापली तरी डबा त्याला 'दार उघडलं' असंच समजतो आणि मेल पाठवतो. 'एनओ' (याच्या उलटा प्रकार) ठेवलं असतं तर कापलेली तार आणि बंद दार यांत फरक राहिला नसता.

मागलं दार उघडलं. हातातला फोन पंचवीस सेकंदांत वाजला, फोटोत मी, हातात स्क्रूड्रायव्हर, तोंड उघडं.

दादाला दाखवलं. तो म्हणाला, "आता मी चहापत्ती न्यायला आलो तरी तुला कळणार."

२२ जून, रविवार. पुणे

दिवसाला सहा ते दहा मेल. हे बघता येतं.

पण मंगळवारी दादाने दार उघडलं (कळवून), मेल आला, आणि मला तो दिसलाच नाही. जीमेल एकाच विषयाचे मेल एका संभाषणाच्या गाठोड्यात घालतं. हालचालीच्या चाळीस मेलांच्या पोटात दाराचा मेल गेला. संभाषण दृश्य बंद केलं. मग फिल्टर: मजकुरात 'अलार्म इन' असेल तर 'दार' हे लेबल, बाकीचे 'हालचाल' मध्ये आणि इनबॉक्स टाळून. फोनवर फक्त 'दार' या लेबलला आवाज, तोही नेहमीच्या टुंगपेक्षा वेगळा. हालचाल मी रोज रात्री जेवल्यावर बघते. खरं तर अप्पाच बघतात; विहिरीवर मोर येतो, त्याची त्यांना वाट.

२९ जून, रविवार

गुरुवारपासून एकही मेल नाही. गुरुवारी वाटलं, वा. शुक्रवारी वाटलं, फारच वा. काल रात्री अप्पा म्हणाले, "मोर येत नाही हल्ली," तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

दादाला फोन. बुधवारी रात्रीच्या वादळात फणसाची फांदी तारांवर पडली, लाईट चार दिवस नाही. इनव्हर्टरने पहिली रात्र काढली असेल. म्हणजे तीन दिवस घर उघडं पडलं होतं आणि मी त्या शांततेवर खूश होते. ज्या दिवशी चोर मेन स्विच पाडून आत शिरेल त्या दिवशीही मला अशीच शांतता मिळेल.

मेल न येणं याचे दोन अर्थ निघतात, आणि ते मला इथून वेगळे ओळखता येत नाहीत. हे आधी सोडवायचं. किडे परवडले.

५ जुलै, शनिवार

ई-मेलच्याच पानावर खाली 'हेल्थ मेल' नावाचा एक रकाना होता. मी १ जूनला तो ओलांडून गेले होते. वाटलं जाहिरात असेल. चालू केलं की ठरावीक मिनिटांनी डबा 'मी जिवंत आहे' एवढाच मेल पाठवतो. व्हिडिओ कॉलवर वहिनीकडून ७२० भरून घेतलं, म्हणजे दिवसाला दोन.

पण रोज दोनदा 'जिवंत आहे' वाचणारं माणूस पंधरा दिवसांत ते वाचणं सोडतं. मला हवा न आल्याचा मेल. तो डबा पाठवू शकत नाही, मेलेला माणूस फोन करत नाही. म्हणून डीव्हीआरच्या गुगल खात्यात अ‍ॅप्स स्क्रिप्टवर (गुगलवरच छोटे प्रोग्रॅम लिहायची सोय) वीसेक ओळी लिहिल्या. जीमेलमधून गेलेला प्रत्येक मेल त्या खात्याच्या 'पाठवलेले' मध्ये राहतो. स्क्रिप्ट दर तासाला तिथल्या शेवटच्या मेलची वेळ बघते, १३ तासांहून जुनी असेल तर मला आणि दादाला लिहिते: "घर गप्प आहे." हे गुगलच्या यंत्रांवर चालतं, त्यामुळे गावची लाईट आणि माझा लॅपटॉप दोन्ही बंद असले तरी चालतं. तीच स्क्रिप्ट महिन्याहून जुने मेल कचऱ्यात टाकते, नाहीतर १५ जीबी हळूहळू मोरांनी भरेल.

तपासणीसाठी वहिनीला राउटरची पिन काढायला सांगितली. चौदाव्या तासाला मेल आला, पहाटे साडेतीनला. वेळ निवडताना हा हिशेब केला नव्हता.

२० जुलै, रविवार

काल दुपारी दादाला मोर बघायचा होता म्हणून डीव्हीआरच्या खात्याचा पासवर्ड त्याला दिला होता, मग शहाणपण सुचून रात्री बदलला. आज दुपारी: "घर गप्प आहे." लाईट होती, नेट होतं. उलगडा व्हायला अर्धा तास गेला: गुगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की त्या खात्याचे सगळे अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात. डबा कालपासून जुनी किल्ली फिरवत बसला होता. स्क्रिप्ट नसती तर गणपतीला गेल्यावर कळलं असतं.

नवा अ‍ॅप पासवर्ड काढला. आता तो माळ्यावर भरायचा, आणि माळ्यावर वहिनी. आधी अ‍ॅडमिनचा, मग हा.

"बी."
"डी?"
"बी. बॉलचा."
"हां, बॉल. टाकला. मोठा की बारका?"
"सगळे बारके."
"पुढे?"
"पी."
"बी टाकलाय मघाच."
"पी, वहिनी. पाण्याचा."

सोळा अक्षरं, तीन प्रयत्न. दरम्यान त्यांच्या गॅसवर दूध उतू गेलं. हे काम झाल्यावर दोन्ही पासवर्ड त्यांच्या समोरच बदलून परत कधी फोनवर सांगायची वेळ येणार नाही अशी सोय करायची आहे. कशी, ते सुचलेलं नाही.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

रात्री २:१० ला 'दार'. मागलं.

फोटोत दार बंद दिसत होतं, माणूस नाही. हात कापत होते. दादाला उठवलं; तो बॅटरी आणि कोयती घेऊन गेला, बरोबर वाडीतले दोघं. मी फोन कानाला लावून, आई पलंगावर उठून बसलेली. कुलूप जागच्या जागी, चिखलात पाऊल नाही.

फणसाच्या लाकडाचं दार पावसाने फुगलं आणि चौकटीत पुरतं बसेना. चुंबक आणि नळी यांतलं अंतर वाढत वाढत बोटभर झालं आणि रात्री वाऱ्याने दार हललं तेव्हा पात्या सुटल्या. दादाने सकाळी चुंबकाखाली लाकडाची चिप घालून तो पुढे आणला. सहा-सात मिलिमीटरवर ठेवायला सांगितलं. उन्हाळ्यात दार आकसलं की घासेल, तेव्हा परत चिप काढायची.

दादाला 'उगाच उठवलं' म्हटलं तर म्हणाला, "उगाच कसं, कोणीतरी आलं असतं तर?" वाडीतल्या त्या दोघांपैकी एकजण बंब गेलेल्या घरातला होता. त्याने आज विचारलंय, आमच्याकडे पण लावून देशील का.

२३ ऑगस्ट, शनिवार. गावी

आईला गाडीतून उतरवून ओटीवर बसवलं. गणपती बुधवारी, २७ ला. दार उघडल्याबरोबर खिशात फोन वाजला आणि अप्पांनी कॅमेऱ्याकडे बघून हात केला.

पाहणी: तारेला एका जागी उंदराने कुरतडलंय, तांबं दिसतंय पण तुटलेलं नाही. तिथे पीव्हीसी नळी घालायची. विहिरीच्या दिव्यात पाणी शिरलंय, अजून चालतो. पडवीच्या भिंगावर जाळं परत. डीव्हीआरचं घड्याळ माझ्या फोनपेक्षा दोन सेकंद मागे.

पाच दिवस घरात माणसं असणार, म्हणून दोन्ही दारांचे मेल वेळापत्रकातून बंद केले. रात्री १२ ते ५ चालू. हेल्थ मेल आणि स्क्रिप्ट तशीच. एकूण ११ जूनपासून आजवर 'दार' लेबलखाली नऊ मेल: दादा सहा, मी दोन, लाकूड एक... नाही, चुकलं, दाराचा स्विच १५ जूनला लागला. आणि आजचा धरून दहा.

उद्या सकाळी त्या बंब गेलेल्या घरी जायचंय. त्यांच्याकडे डीव्हीआर नाही, नेट नाही, मोबाईलला रेंज पडवीच्या एका कोपऱ्यात. तिथे मेलचा काय उपयोग. सिमकार्डवर फोन करणारा साधा अलार्म चालेल का बघते. चुंबकी स्विच एक जादा आणलाय, तो पिशवीत टाकलाय.